राउटरची मेमरी सारखी संपते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमध्ये आमच्या आजूबाजूच्या सोसायट्यांत कुणाचं वायफाय सारखं अडकायला लागलं की निरोप माझ्याकडे येतो. "राउटरची मेमरी फुल होते म्हणे, नवीन घेऊ का?" हा प्रश्न त्यात हमखास असतो. पैसे घालवण्याआधी एक गोष्ट बघा, असं माझं प्रत्येकाला कळकळीचं सांगणं आहे: मेमरी दिवसागणिक थोडी थोडी कमी होते, की पाच मिनिटांत एकदम संपते? दोन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे. आणि बऱ्याच घरांत तर दोष मेमरीचा नसतोच. खालची उत्तरं घरगुती राउटरपुरती आहेत.

मेमरी भरते म्हणजे नेमकं काय भरतं?

राउटरमध्ये दोन प्रकारची मेमरी असते. स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा: चालू काम तिथे पसरलेलं असतं आणि लाइट गेली की सगळं पुसलं जातं. फ्लॅश म्हणजे फडताळ: राउटरचं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा मूळ प्रोग्रॅम, आणि तुमची सेटिंग्ज तिथे कायमची राहतात. जुन्या स्वस्त राउटरमध्ये ३२ किंवा ६४ एमबी रॅम आणि ४ किंवा ८ एमबी फ्लॅश असते. हल्लीच्या बऱ्यापैकी राउटरमध्ये १२८ ते ५१२ एमबी रॅम मिळते.

"नेट अडकतं, बंद करून चालू केलं की नीट होतं" अशी तक्रार असेल तर संशय रॅमवर घ्यायचा. "अपडेट होत नाही", "सेटिंग सेव्ह होत नाही" असं असेल तर फ्लॅशवर.

मेमरीच संपली आहे हे ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी राउटरच्या अॅडमिन पेजवर जा. पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नक्की पत्ता राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथे 'अपटाइम' शोधा, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते.

नेट गेलं आणि अपटाइम शून्यापासून सुरू झालेला दिसला, तर राउटर आपोआप रीस्टार्ट झाला आहे. तेव्हा पहिला संशय अडॅप्टरवर. जुना झालेला अडॅप्टर राउटरवर काम वाढलं की पुरेसा करंट देत नाही आणि राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा उठतो. त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी "मेमरी फुल" राउटरांचा आजार अडॅप्टर बदलल्यावर गेला आहे.

अपटाइम तसाच चालू आहे, पण अॅडमिन पेज उघडायलाच मिनिट लागतं, लॉगिन अर्धवट राहतं, पान कोरं येतं. ही मात्र मेमरी संपत आल्याची खरी खूण. रॅम तोकडी पडली की राउटर आपल्याच प्रोग्रॅमचे तुकडे रॅममधून काढून टाकतो आणि लागले की फ्लॅशमधून पुन्हा वाचतो. हे सारखं होत राहिलं की प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो. म्हणून मेमरी संपताना राउटर आधी सुस्तावतो आणि मग पडतो.

त्यानंतरची पायरी अशी. बहुतेक राउटर आतून लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालतात. लिनक्सला मेमरी कुठूनच मिळेना की तो एखादा प्रोग्रॅम स्वतः बंद करतो आणि लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद ठेवतो. कोणता प्रोग्रॅम गेला यावर लक्षणं ठरतात. नावांचे पत्ते शोधून देणारा, म्हणजे डीएनएसचा, गेला तर चालू असलेला व्हॉट्सअॅप कॉल सुरू राहतो पण नवीन साइट एकही उघडत नाही. वायफाय सांभाळणारा गेला तर फोनवरून नेटवर्कचं नावच गायब होतं, पण केबलने जोडलेला कॉम्प्युटर चालत राहतो. तेव्हा राउटर बंद करण्याआधी ही दोन निरीक्षणं करून घ्या. रीस्टार्ट केल्यावर लॉग सहसा पुसला जातो, कारण तोही रॅममध्येच असतो.

पेजवर ८५ टक्के मेमरी वापरात दिसते. धोका आहे का?

एवढ्यावरून नाही. मोकळी पडून राहिलेली रॅम लिनक्स वाचलेल्या फाइली जवळ ठेवायला वापरतो. याला कॅश म्हणतात आणि गरज पडताच ती जागा परत मोकळी होते. काही राउटरांची पेजं ही कॅशसुद्धा 'वापरात' धरून दाखवतात आणि आकडा उगाच भीतीदायक होतो.

राउटरला कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करायची सोय, असेल तर तिथे 'फ्री' ही कमांड द्या. 'फ्री' नावाचा रकाना सोडून द्या, 'अव्हेलेबल' हा रकाना वाचा. नवीन कामाला खरोखर किती मेमरी मिळू शकेल याचा अंदाज तिथे असतो. कमांड लाइन नसेल तर टक्केवारी एकदाच बघून निष्कर्ष काढू नका. रोज रात्री, साधारण एकाच वेळी, आकडा वहीत लिहा. ८५ वर आठवडाभर स्थिर असलेला राउटर ठणठणीत आहे. ५५, ६१, ६८, ७४ असा चढत जाणारा आजारी आहे, जरी आज त्याचा आकडा लहान दिसत असला तरी.

राउटरला मिनी यूपीएस (लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घेतल्यापासूनच हा त्रास सुरू झाला. यूपीएस खराब आहे का?

हा प्रश्न पुण्यातच इतक्या वेळा का येतो, याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. लाइट गेली की राउटर बंद, आली की चालू. म्हणजे फर्मवेअरमध्ये मेमरीची गळती असेल तर गुरुवारच्या गुरुवारी ती आपोआप धुऊन निघत होती. गळती म्हणजे एखादा प्रोग्रॅम मेमरी घेतो आणि काम झाल्यावर परत करायचं विसरतो. थोडी थोडी करत ती काही दिवसांत रॅम खाऊन टाकते. यूपीएस लावल्यावर राउटर पहिल्यांदाच महिनाभर सलग चालला आणि लपलेला दोष वर आला. यूपीएसचा त्यात काही अपराध नाही.

लॉकडाऊननंतर घरून काम सुरू झालं आणि घरोघरी हे छोटे यूपीएस आले, तेव्हापासून ही तक्रार वाढल्याचं मी बघतो आहे.

यूपीएस खरोखर दोषी असेल अशी एक शक्यता मात्र तपासा: राउटरला १२ व्होल्ट हवेत आणि तुम्ही ९ च्या पिनेला जोडला आहे, असं झालंय का? मग राउटर अडखळत चालतो. उलट जोडणी, ९ च्या राउटरला १२, तर कधीच करू नका; राउटर जळू शकतो.

गळती पक्की असेल तर इलाज दोनच. कंपनीच्या साइटवर नवीन फर्मवेअर आहे का बघा. नसेल तर कोणत्या सोयीमुळे गळती होते ते शोधायला एकेक सोय बंद करा आणि प्रत्येक वेळी तीन-चार दिवस आकडे लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. एकदम पाच गोष्टी बंद केल्या तर दोषी कोण ते कधीच कळत नाही.

मुलगा टॉरेंट लावतो तेव्हा सगळ्या घराचं नेट जातं. मेमरी त्यामुळे संपते का?

बहुधा इथे दोष मेमरीचा नसून एका तक्त्याचा असतो, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्यावरून जातात. त्यामुळे कोणतं उत्तर कुणाला परत द्यायचं हे लक्षात ठेवायला राउटर प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात करतो. त्याला कनेक्शन ट्रॅकिंग म्हणतात. एक नोंद साधारण ३०० बाइटची, म्हणजे १६,३८४ नोंदींना ५ एमबीच्या आसपास जागा लागते. तक्त्याला कमाल मर्यादा ठरवलेली असते. टॉरेंट, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइलीचे तुकडे गोळा करणारा प्रोग्रॅम, शेकडो लोकांशी एकाच वेळी बोलतो आणि नवे लोक सारखे शोधत राहतो, त्यामुळे तक्ता भराभर भरतो. भरला की राउटर नवीन जोडणी सरळ टाकून देतो. लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ दिसते. त्या वेळी रॅम मोकळी असू शकते.

त्यात भर म्हणजे जुन्या नोंदी लवकर जात नाहीत. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये चालू टीसीपी जोडणी (इंटरनेटवरचा जोडणीचा नेहमीचा प्रकार) काही न बोलता पडून राहिली तर तिची नोंद ५ दिवस ठेवली जाते. घरासाठी हे फार झालं. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरमध्ये हीच मुदत ७,४४० सेकंद, म्हणजे २ तास ४ मिनिटं असते. तुमच्या राउटरवर ती बदलता येत असेल तर एवढीच ठेवा.

मग तक्त्याची मर्यादाच वाढवली तर? १२८ एमबी किंवा त्याहून जास्त रॅम असेल तर जरूर वाढवा. ३२ एमबीच्या राउटरवर ती चौपट केलीत तर मात्र आतापर्यंत नसलेलं मेमरीचं संकट तुम्ही स्वतः ओढवून घ्याल.

सगळ्यात सोपा उपाय मुलाच्या कॉम्प्युटरवर आहे. टॉरेंटच्या सेटिंगमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा १५०-२०० वर आणा आणि अपलोडचा वेग तुमच्या लाइनच्या अपलोडपेक्षा बराच खाली ठेवा. डाउनलोडमध्ये फारसा फरक पडत नाही, घरात मात्र शांतता नांदते.

मी घरून काम करतो, हिंजवडीच्या ऑफिसचं व्हीपीएन दिवसभर चालू असतं. त्याचा भार पडतो का?

नाही. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, लॅपटॉपवर चालत असेल तर राउटरच्या दृष्टीने ती एकच जोडणी आहे. राउटरवरच व्हीपीएन बसवलं असेल तर गोष्ट वेगळी; त्याला प्रोसेसर आणि रॅम दोन्ही लागतात.

घरात फोन, टीव्ही, कॅमेरे धरून वीस-बावीस गोष्टी वायफायवर आहेत. संख्येमुळे मेमरी संपते का?

नुसतं जोडलेलं राहायला फार थोडी मेमरी लागते. पण प्रत्येक उपकरणासाठी वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्रॅम, पाठवायचा माल (डेटा) तात्पुरता धरून ठेवतो, आणि रेंज कमी असलेल्या खोलीतलं उपकरण माल उचलायला वेळ लावतं. अशी तीन-चार उपकरणं एकदम व्हिडिओ ओढायला लागली की ६४ एमबीचा राउटर दमतो. ही एकदम संपणाऱ्या मेमरीची जात. टीव्ही राउटरच्या शेजारीच असेल तर तो केबलने जोडा. हलवता न येणारं प्रत्येक उपकरण केबलवर गेलं की वायफायचा श्वास मोकळा होतो.

रॅम मोकळी करायला आधी काय बंद करू?

माझा क्रम असा. यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क आधी काढा. घरभर सिनेमे दाखवणारा मीडिया सर्व्हर हजारो फाइलींची यादी बनवत बसतो. मग ट्रॅफिक अॅनालायझर, म्हणजे कोण कोणत्या साइटवर गेलं याचा हिशेब. त्यानंतर राउटरमधला अँटिव्हायरस.

जाहिराती अडवणारी यादी राउटरवर बसवली असेल तर तिच्यावर खास लक्ष ठेवा. काही लाख नावांची यादी रॅममध्ये चढवली की कित्येक एमबी त्यातच जातात. शिवाय यादी ताजी होताना जुनी आणि नवी दोन्ही काही क्षण एकत्र रॅममध्ये असतात. रोज ठरावीक वेळी, विशेषतः पहाटे, राउटर मरत असेल तर यादी ताजी होण्याची वेळ जुळते का बघा. लहान यादी निवडली की प्रश्न सुटतो.

ओपनडब्ल्यूआरटी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. 'टीएमपी' हे फोल्डर रॅममध्येच असतं. तिथे कुणी लॉगची फाइल लिहीत असेल आणि ती कापली जात नसेल तर मेमरी रोज थोडी थोडी घटते, आणि दिसायला ते हुबेहूब गळतीसारखं दिसतं.

रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट लावून दिला तर?

लावा, त्यात कमीपणा नाही. कंपनी फर्मवेअर सुधारत नसेल आणि राउटर बदलणं परवडत नसेल तर पहाटे चारचा रीस्टार्ट हा समजूतदार मार्ग आहे. फक्त आधी आठवडाभर आकडे लिहून गळती आहे हे ठरवा. एकदा का रोज रीस्टार्ट सुरू झाला की मूळ कारण शोधता येत नाही.

ओपनडब्ल्यूआरटीवर हे करताना एक खाच आहे. बहुतेक राउटरांत सेलवर चालणारं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत राउटर सेटिंग्जमधल्या सगळ्यात ताज्या फाइलीच्या तारखेवरून वेळ धरतो. तेव्हा तो पुन्हा चारच्या आधीची वेळ धरून उठू शकतो, आणि चार वाजताच परत रीस्टार्ट होतो. म्हणून आज्ञेत आधी ७० सेकंद थांबायचं, मग सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या एका फाइलीची तारीख ताजी करायची आणि नंतर रीस्टार्ट, असा क्रम ठेवतात.

रॅम वाढवता येते का?

चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. घरी नाद करू नका. ओपनडब्ल्यूआरटीवर झेडरॅम नावाची सोय आहे: रॅममधला थंड पडलेला भाग दाबून लहान करून तो तिथेच ठेवते. ६४ एमबीच्या राउटरला त्याने थोडा हात मिळतो, बदल्यात प्रोसेसर जरा जास्त राबतो. पेनड्राइव्ह लावून फ्लॅशची जागा वाढवता येते, रॅमची नाही. पेनड्राइव्हवर स्वॅप, म्हणजे रॅममधला माल तात्पुरता ठेवायची जागा, ठेवता येतो, पण तो इतका संथ असतो की मी सुचवत नाही.

जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकू का?

मला हा प्रकल्प मनापासून आवडतो. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमधला लिनक्सचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातून पुढे हे फर्मवेअर उभं राहिलं. मेमरीची कहाणी तिथेही आहे: २००५ मध्ये त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत रॅम १६ वरून ८ एमबी आणि फ्लॅश ४ वरून २ एमबी केली गेली, लिनक्स काढून दुसरी प्रणाली बसवली, आणि लिनक्स हवं असलेल्यांसाठी जीएल नावाचं वेगळं मॉडेल काढावं लागलं.

पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची अधिकृत आवृत्ती १९.०७.१० ही होती आणि तो आधार २०२२ मध्ये संपला. तेव्हा अशा राउटरवर वेळ घालवू नका. ८ आणि ६४ वाला आज चालेल, पण वर काही बसवायला जागा उरत नाही. १६ आणि १२८ पासून पुढे खुशाल करा, तुमचं नेमकं मॉडेल आणि त्याची आवृत्ती त्यांच्या यादीत असेल तरच. डब्यावरचं नाव तेच असूनही आतली चिप वेगळी असू शकते.

फर्मवेअर अपडेट करताना मध्येच थांबतं.

अपडेटची फाइल फ्लॅशमध्ये जाण्याआधी रॅममध्ये उतरते. रॅम भरलेली असेल तर ती मावत नाही. राउटर रीस्टार्ट करा, सगळ्यांचे फोन वायफायवरून काढा, लॅपटॉप केबलने जोडा आणि लगेच अपडेट करा. गुरुवारी नको.

कुणी राउटरमध्ये घुसल्यामुळे असं होत असेल का?

होऊ शकतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगभरातले कॅमेरे आणि राउटर पकडून मोठे हल्ले केले, आणि तो आत शिरायचा तो कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले पासवर्ड वापरून. मिराई फक्त रॅममध्ये राहतो. म्हणजे रीस्टार्ट केला की जातो, पण पासवर्ड तोच असेल तर काही वेळात परत येतो. कुणी काही वापरत नसताना जोडण्यांचा आकडा हजारांत असेल, किंवा डीएनएसचे पत्ते तुम्ही न बदलता बदललेले असतील, तर सावध व्हा.

बाहेरून येणारी नेटची केबल काढा. राउटर फॅक्टरी रीसेट करा. अॅडमिन पासवर्ड बदला, टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी, असुरक्षित सोय) आणि बाहेरून अॅडमिन पेज उघडण्याची सोय बंद करा, फर्मवेअर लॅपटॉपवरून चढवा. मगच केबल जोडा. क्रम उलटा झाला तर मेहनत वाया जाते.

फायबरवाल्याने दिलेला एकच डबा आहे, त्यात काहीच बदलता येत नाही. मग?

या डब्यात प्रकाशाचं नेटमध्ये रूपांतर करणारा ओएनटी आणि राउटर एकत्र असतात. त्याला 'ब्रिज मोड'मध्ये टाकून द्या अशी मागणी करा. मग तो फक्त रूपांतराचं काम करतो; लॉगिन, जोडण्यांचा तक्ता, वायफाय हे सगळं तुमच्या स्वतःच्या राउटरवर येतं आणि डब्याच्या तोकड्या रॅमचा प्रश्न मिटतो. त्यासाठी लाइनचं युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक (एकाच लाइनवरच्या वेगवेगळ्या सेवा ओळखायचा आकडा) मागून घ्या. लँडलाइनचा फोन त्याच डब्यातून येत असेल तर तो चालू राहील ना, हे आधी विचारा.

नाही म्हणाले तर डबा बदलून मागा. "नेट स्लो आहे" असं सांगितलं की ते स्पीड टेस्ट करून तक्रार बंद करतात. त्याऐवजी अपटाइम, आठवड्याचे लिहिलेले आकडे आणि लॉगमधल्या मेमरीच्या ओळीचा फोटो द्या. माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

एप्रिल-मे मध्ये त्रास वाढतो.

उष्णतेने रॅम भरत नाही. राउटर तापून अडखळतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातून किंवा पोटमाळ्यावरून काढून मोकळ्या हवेत ठेवा.

नवीन घ्यायचाच झाला तर काय बघू?

डब्यावर मोठ्या अक्षरात वेग आणि अँटेना लिहिलेले असतात, रॅम सहसा नसते. ती मॉडेलच्या माहितीपत्रकात किंवा ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत शोधा. माझ्या मते आज १२८ एमबीपेक्षा कमीचा घेऊच नये. वीसच्या वर उपकरणं असतील तर २५६, आणि जाहिराती अडवणं, राउटरवरचं व्हीपीएन, हार्डडिस्क असलं काही करायचं असेल तर ५१२. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाणार असाल तर मॉडेल आणि आवृत्ती घरूनच कागदावर लिहून न्या, आणि दुकानात स्टिकरवरची आवृत्ती ताडून बघूनच पैसे द्या.

जुन्याचं काय करू?

रॅम कमी असली तरी जोडण्यांचा तक्ता नव्याकडे गेला की जुना निव्वळ अॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा डबा, म्हणून मागच्या खोलीत छान चालतो. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, बंद करा आणि नव्या राउटरची केबल लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) भोकात लावा, वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) नाही. अर्थात, कंपनी त्याला सुरक्षेची अपडेट देत असेल तरच. नाहीतर ई-कचऱ्यात द्या. देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, कारण तुमच्या लाइनचा आणि वायफायचा पासवर्ड त्याच्या फ्लॅशमध्ये तसाच असतो.